तो उभा होता

१४ जानेवारी

ही वही फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची. पहिली अकरा पानं भरलेली, बाकी कोरी. बाराव्या पानाआधी मी कॉलेज सोडलं. कागद फुकट जाऊ नये म्हणून आजपासून यात लिहिणार, गुंजनला सांगता येत नाही ते सगळं. आईच्या हाती लागली तर ती अभ्यासच समजेल.

कॉलेज काहून सोडलं ते एकदाच लिहून मोकळा होतो. सरांनी वर्गासमोर उभं केलं आणि बोर्डावरचं समीकरण वाचायला सांगितलं. मी म्हटलं, तुमचं अक्षर खराब आहे. वर्ग हसला. सर म्हणाले, मागच्या बाकावर झोपा काढणाऱ्याला सगळंच खराब दिसतं. मी ही वही उचलली आणि निघालो. त्यांनी दारापर्यंत हाक मारली, मी वळलो नाही. दोन वर्षं होत आली त्याला. अजून वाटतं, बरोबर केलं.

आज संक्रांत. माझा मित्र सौरव, त्याच्या गच्चीवर पतंगी उडवल्या. समोरची पतंग काटली तेव्हा तिच्या वर तशीच एक दुसरी दिसली, जरा फिकट. मी ओरडलो, दोन काटल्या. सौरव म्हणाला, "एकच होती बे. सकाळी सकाळी लावली का?" त्याच्याशी बोलणं बंद.

१८ जानेवारी

रोज पहाटे बागेतून संत्री भरून कळमन्याच्या बाजारात नेतो. गाडी चंद्रभानजींची, निळी पिकअप. ते संत्र्याचे व्यापारी, मी त्यांचा ड्रायव्हर. गाडी रिकामी करून साडेआठला हुडकेश्वरच्या थांब्यावरून परततो, कारण साडेआठला तिथं गुंजन बससाठी उभी असते. ती डोळे तपासण्याचं शिकते. तिसरं वर्ष आहे, आणि शिकाऊ म्हणून रामदासपेठेत डोळ्यांच्या दवाखान्यात जाते. दहावीपासून ओळखतो तिला. दुरून तिची पिवळी ओढणी दिसते आणि तिचं ते थोडंसं हसणं. तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

आज तिनं पाहिलंच नाही. संध्याकाळी फोन केला, "काहून तोंड फिरवलं?"

"मी? मी हात केला न रे. दोनदा केला. तूच नाकासमोर पाहून निघून गेला. बाजूच्या काकू हसून राहिल्या होत्या माह्यावर."

"खोटं नको बोलू."

फोन आपटला. काचेला चीर गेली.

२२ जानेवारी

रस्ता सुरक्षेचा महिना म्हणून बाजारात ड्रायव्हर लोकांसाठी डोळे तपासणीचं शिबिर होतं. चंद्रभानजींनी कालच सांगितलं होतं, तपासणीचं कार्ड आणा नाहीतर चाबी ठेवा. गेलो तर तक्त्याजवळ पांढरा कोट घालून, हातात काडी घेऊन गुंजन.

माझ्यापुढे आठ जण होते. कळमन्यात कान तयार ठेवावे लागतात. लिलावात बोली एकदाच होते, ऐकली त्याची. हमालालाही दिवसभराचे भाव तोंडपाठ असतात. माझा नंबर येईपर्यंत आठ जणांनी तक्ता मोठ्यानं वाचला होता. शेवटची ओळ र, ग, प, व, ट, ळ. झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

मी उभा राहिलो. तक्ता होता तिथं एक पांढरा चौकोन होता. तिच्यासमोर अडखळायचं नव्हतं. वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून टाकलं. उजवा डोळा, डावा डोळा, तोच तक्ता, तीच ओळ.

"छान रे," ती म्हणाली. "आजच्या रांगेत सगळ्यात चांगले डोळे तुझे." कार्डावर तिनं सही केली. माझ्या नावाखाली तिचं नाव. शर्टाच्या खिशात ठेवलंय.

नत्थूजी माझ्या मागे होते. चंद्रभानजींची दुसरी गाडी ते चालवतात, अठ्ठावन्न वय. ते तक्त्यासमोर म्हणाले, "बाई, मले वरचं एकच अक्षर दिसते, आन तेबी हालून राहिलं." सगळे हसले. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन होईपर्यंत गाडी बंद. मी त्यांना बाजूला घेतलं. "मले विचारायचं न नत्थूजी, सारं पाठ होतं."

ते माझ्याकडे वळले. "मंग रस्ताबी पाठ करून चालवून राहिला का गा?"

म्हातारा चिडला होता, दुसरं काय.

३१ जानेवारी

मिरचीचा हंगाम. बाजारात श्वास घेतला तरी डोळे चुरचुरतात. चोळले की बरं वाटतं, मग अजून चोळावंसं वाटतं. संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांना हल्ली वर शेपूट फुटतं. या शहरात धूर फार झालाय.

गुंजन आज हसली, नक्की हसली.

६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहितो.

बागेवर रिकाम्या क्रेट टाकून संध्याकाळी घरी येत होतो. हुडकेश्वरच्या पुढे नवीन लेआउट पडलेत, प्लॉट पाडून ठेवलेत, घरं अजून नाहीत. त्या रस्त्यावर नाल्याचा छोटा पूल आहे. सूर्य नुकताच गेला होता. समोरून ट्रक आला. त्याच्या दिव्यांची एवढी मोठी फुलं झाली की काही वेळ रस्ता नव्हताच. ट्रक गेला, आणि डाव्या बाजूला थड् झालं. फार मोठं नाही, क्रेट पडल्यासारखं.

थांबलो. इंजिन चालूच ठेवलं. डाव्या आरशात पाहिलं. मागे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कपड्यात कोणीतरी उभं होतं. पडलेलं नव्हतं. ओरडणं नाही, शिवी नाही. मी दहापर्यंत मोजलं. तो हलला नाही. लागलं असतं तर खाली बसला असता, गाडीमागे धावला असता. उतरलो असतो तर भांडण झालं असतं, आणि भांडणात माझं डोकं कसं जातं ते मला माहीत आहे.

गिअर टाकला.

तो उभा होता.

७ फेब्रुवारी

डाव्या इंडिकेटरची काच फुटलीय. फटीत पांढऱ्या सुताचा दोरा अडकला होता. ओढून फेकला. चंद्रभानजींना सांगितलं, क्रेट लागली.

९ फेब्रुवारी

पेपरात आतल्या पानावर चार ओळी. हुडकेश्वरजवळ नाल्याच्या पुलापाशी अज्ञात वाहनाच्या धडकेत लेआउटचे चौकीदार धोंडबा, वय ६१, गंभीर जखमी. गुरुवारी संध्याकाळी. सुमारे तासभर रस्त्याच्या कडेला पडून होते.

पेपर नाकाला लावून तीनदा वाचलं. गुरुवारी त्या रस्त्यानं शंभर गाड्या गेल्या असतील. हा पडून होता. माझा उभा होता. म्हणजे हा दुसरा.

१३ फेब्रुवारी

आता दुसऱ्या रस्त्यानं येतो. चार किलोमीटर जास्त पडतात.

तरी तो येतो. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या वर उभा असतो. पांढरा, फिकट, थोडा डावीकडे कललेला. गाडी पुढे गेली की पुढच्या दिव्यावर. आज सिग्नलला लाल दिवा लागला तेव्हा तो लाल झाला. मी काच वर केली, आतून लॉक केलं. मागचे हॉर्न वाजवत होते.

१९ फेब्रुवारी

आमच्या घरात भूत नाही. म्हणजे भूत मानत नाहीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ताईत, अंगारे, सगळं सोडलं. लहानपणी अंधाराला भ्यायलो तर आई कंदील द्यायची आणि म्हणायची, जाऊन पाहून ये. त्यामुळे मला कोणाला विचारताही येत नाही.

आज संध्याकाळी वंदनेला बसलो. आईनं बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. तिच्या ज्योतीवर दुसरी ज्योत, अधांतरी. मी डोळे चोळले. दोनाच्या तीन झाल्या.

"आई, किती मेणबत्त्या लावल्या?"

"एकच आहे रे प्रशिक." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय करून आला तू?"

"काही नाही."

"मंग डोळे काहून लपवून राहिला?"

जेवलो नाही. पोळी ताटात होती आणि ताटाच्या वर अजून एक ताट होतं.

२६ फेब्रुवारी

नत्थूजी बाजारात आले, काळा चष्मा लावून. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली. "बाप्पा, हे निळी होय का? मी दहा वर्षं हिले राखाडी समजून राहिलो होतो." हमाल हसले, तेही हसले. मग इंडिकेटरच्या फुटक्या काचेवर त्यांचं बोट थांबलं. ती जागा त्यांनी बोटानं दोनदा पुसली.

२८ फेब्रुवारी

गुंजनला भेटलो, रामदासपेठेत, दवाखान्याबाहेरच्या बाकावर. ठरवलं होतं की आज मनातलं बोलून टाकायचं. तोंडातून दुसरंच निघालं.

"मले एक माणूस दिसते, गुंजन. प्रत्येक दिव्यावर."

वाटलं हसेल. ती सरळ बसली. "दिव्याच्या वर का खाली?"

"वर. थोडा डावीकडे."

"हा डोळा झाक. आता?"

"आता बी आहे. जास्त डावीकडे."

"हा झाक."

"आता उजवीकडे गेला."

ती म्हणाली, "भूत डोळा बदलला का जागा बदलत नाही रे. उद्या सकाळी ये. मोबाईल नाकाशी धरतो तू, मी कधीची पाहून राहिली. पण शिबिरात तुझं इतकं चांगलं आलं, म्हणून बोलली नाही."

१ मार्च

अंधारी खोली. खुर्ची. समोर उजेडाचा तक्ता. गुंजनच्या मॅडम मागे उभ्या.

"शेवटची ओळ वाच," गुंजन म्हणाली.

समोर पांढरा चौकोन होता. माझं तोंड आपोआप सुरू झालं. र, ग, प, व, ट, ळ.

यंत्राचा पंखा ऐकू येत होता.

"हा तक्ता वेगळा आहे, प्रशिक," गुंजन म्हणाली. आवाज अगदी लहान. "यात ते एकही अक्षर नाही."

मॅडमनी मग एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा गोल असायला हवा, माझा शंकूसारखा पुढे आलाय. दोन्ही डोळ्यांचा. त्यामुळे एकाच्या दोन प्रतिमा दिसतात, दिव्यांना शेपटं फुटतात. वयात येताना सुरू होतो हा आजार आणि डोळे चोळले की वाढत जातो. वर्षातून एकदा तपासणी झाली असती तर कधीच सापडला असता, म्हणाल्या. मापाची कडक लेन्स करून घेतली तर दिसेल. तोवर गाडीला हात लावायचा नाही.

"कॉलेजात बोर्ड दिसत होता का तुला?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं वर्गाच्या ज्या दारातून मी मनात रोज बरोबर ठरून बाहेर पडतो, ते दार समोर आलं.

७ मार्च

गुंजन घराखाली आली होती. वर आली नाही.

"ते कार्ड दे. त्याच्यावर सही माझी आहे." मी दिलं. "मी मॅडमले सांगितलं सारं. त्या दिवशीचे त्रेसष्टच्या त्रेसष्ट ड्रायव्हर परत बोलावणार आहे. रांग बाहेर, तक्ता आत, दार बंद. पाठ करणारा तू एकटाच नसशील न." मग थांबली. "या दीड महिन्यात कोणाले लागलं तर नाही न, तुह्या गाडीनं?"

"नाही."

खरंच आहे ते. तो उभा होता.

चंद्रभानजींनी चाबी घेतली. नत्थूजी आता निळी गाडी चालवतात, मी क्रेट उचलतो. त्यांच्या बाजूला बसून जातो. दिवेलागणीला ते मला कधी विचारत नाहीत की मी मान खाली घालून का बसतो.

१७ मार्च

लेन्स मिळाली. गुंजननंच बसवायला शिकवली. आधी खूप टोचलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग पाणी थांबलं.

समोर तिचा चेहरा होता. तिच्या डाव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. दहावीपासून ओळखतो, आज पाहिला. ती हसत नव्हती. थकलेली होती, ओठ घट्ट मिटलेले. रोज थांब्यावर ती माझ्याकडे पाहून थोडी हसते असं मी समजत होतो, ते तिथं नव्हतंच कधी. माझं मीच भरून काढत होतो.

"दिसते का?" तिनं विचारलं.

"हो."

"माणूस आहे का दिव्यावर?"

खिडकीतून पाहिलं. खांबावर दिवा होता. एकच. त्याच्या वर आकाश.

"गेला," मी म्हटलं. तिनं पहिल्यांदाच खांदे सैल सोडले. मी सोडले नाहीत. दिव्यावरचा गेला. आरशातला राहिला आहे. आणि तो राहिलेलाच बरा, कारण तो उभा होता एवढंच माझ्याकडे आहे.

१८ मार्च

नत्थूजींना म्हटलं, आज नाल्यावरून चला. का, ते त्यांनी विचारलं नाही.

सूर्य नुकताच गेला होता. पुलाच्या अलीकडे म्हटलं, इथं थांबवा. इंजिन चालूच राहू द्या. डाव्या आरशात पाहिलं.

तो उभा होता. तिथंच, रस्त्याच्या कडेला, पांढरा.

छाती एवढी हलकी झाली की हसूच आलं. म्हणजे मी बरोबर होतो. मग नजर तशीच ठेवली, कारण आता ठेवता येत होती. त्याला हात नव्हते. कडा चौकोनी होत्या. मधोमध लाल रंगात आकडा होता, सत्तेचाळीस.

"नत्थूजी, ते पांढरं काय होय?"

"ते? प्लॉटचा दगड होय गा. चुना मारते न लेआउटवाले, हद्द दिसाले."

"कधीपासून आहे?"

"वरीसभर तं पाहून राहिलो मी."

दगडाच्या पायथ्याशी, रस्त्यालगत, गवत होतं. एक माणूस आडवा मावेल एवढं. आरशात ते दिसतं, पण पाहावं लागतं. मी दहापर्यंत मोजलं होतं. दहाही आकडे मी दगडाकडे पाहून मोजले.

गाडीतच ओकलो. नत्थूजींनी पाण्याची बाटली पुढे केली. मी सांगत गेलो. ते गाडी पुसत गेले.

घरी येऊन गुंजनला फोन केला, सगळं सांगितलं, उद्या ठाण्यात जातो म्हटलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "मी नाही येणार तुह्यासोबत," ती म्हणाली. "पण तू जा." फोन तिनं हळूच ठेवला. आईला सांगितलं तेव्हा ती मेणबत्तीकडे पाहत होती. फक्त म्हणाली, "जाऊन पाहून ये."

१९ मार्च

हे पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितोय. जबाब घेणारे साहेब जेवायला गेलेत. नत्थूजी बाहेर गाडीत बसलेत.

सकाळी नत्थूजी म्हणाले, "पहिले त्याच्याकडं, मंग ठाण्यात. मी चालवतो."

दगडाच्या मागे साठ-सत्तर पावलांवर टिनाची खोली आहे, लेआउटच्या चौकीदाराची. मी नत्थूजींना रस्त्यावरच थांबायला सांगितलं. खोलीपुढे उन्हात खाट. खाटेवर म्हातारा माणूस, डाव्या पायातून लोखंडी सळया बाहेर आलेल्या, खांद्यावर पांढरा दुपट्टा. मी रस्त्यावरच उभा होतो. त्यानं हात वर केला. मला नाही, आत बायकोला काहीतरी मागत होता. पण मला दिसला तो हात. पाचही बोटं दिसली.

गेलो. पाणी मागत होता. बायको मागे कपडे धूत होती, तिला ऐकू गेलं नव्हतं. मडक्यातून पेला भरून दिला. त्यानं पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"कोण होय गा तू?"

"ती गाडी माझी होती, बाबा."

त्याच्या हातातला पेला मी घेतला नाही, त्यानंही ठेवला नाही. शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थांबली तं होती ते गाडी," तो म्हणाला. "मागचा लाल दिवा दिसून राहिला होता मले. म्हणून मी हात केला. म्हटलं, पाहून राहिला पोट्टा, आता येते."

"दिसला नाही बाबा. खरंच नाही दिसला."

"मी तं दिवा जायपर्यंत हात खाली नव्हता घेतला." पेल्यात उरलेलं पाणी त्यानं जमिनीवर ओतलं. "किती वेळ थांबला होता गा तू?"

"दहा मोजले."

"दहाच?" तो म्हणाला. "मले लय वाटले."

साहेब आले. माझं नाव घेऊन राहिले आहेत. उठतो.